आठ आणि पाच बारा?

माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वीसच्या आतल्या बेरजा ती अजून बोटांवरच करते. शाळेत बाईंनी 'नो फिंगर्स' असं बजावल्यापासून हात बाकाखाली नेते. घरी सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सगळं तोंडपाठ असायचं, पाढ्यांसारख्या बेरजाही पाठ करून घे. हिचे बाबा मोबाईलवर टायमर लावून समोर बसतात, आणि आता अबॅकसच्या क्लासचा फॉर्म घेऊन आलेत. माझी काळजी वेगळीच आहे. तिची उत्तरं चुकतात तीही विचित्र. ८ + ५ चे १२, ७ + ४ चे १०, ९ + ३ चे ११. दिवाळीपर्यंत असं नव्हतं. तेव्हा पाटीवर रेघा ओढून करायची, खूप वेळ लावायची, पण उत्तर बरोबर यायचं. म्हणजे ती मागे चाललीय का? बोटं कशी सोडवायची?

ता. क. धाकटा चार वर्षांचा आहे. त्याचं असं होऊ नये म्हणून त्याला आतापासूनच बेरजा सुरू कराव्यात का?

– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर


ताई,

मागे नाही, चांगली पुढे चाललीय. तुम्ही तिन्ही चुका जशाच्या तशा लिहून पाठवल्यात हे फार बरं केलंत. 'गणितात कच्ची आहे' एवढंच लिहिलं असतंत, तर मला काही सांगता आलं नसतं.

ती तीन उत्तरं एकाखाली एक मांडून बघा. तिन्ही एकाने कमी आहेत. दर वेळी एकानेच, आणि दर वेळी कमीच. धांदरटपणे चुकणारं मूल कधी एक जास्त सांगतं, कधी दोन कमी. इतक्या शिस्तीत चूक होते तेव्हा मुलाची काहीतरी पद्धत असते, आणि त्या पद्धतीचा एकच खिळा ढिला असतो.

दिवाळीपर्यंत ती आठ रेघा ओढायची, मग पाच रेघा ओढायची आणि पहिल्या रेघेपासून सगळ्या मोजायची. त्यात चुकायला जागा कमी, पण वेळ फार जातो. आता ती आठ मनात धरते आणि तिथून पुढे पाच बोटं उघडते. फक्त पहिलं बोट उघडताना तोंडाने 'आठ' म्हणते. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. बोटं पाच झाली, उत्तर बारा. आज संध्याकाळी तिला मोठ्याने मोजायला सांगा, हेच ऐकू येईल.

एकापासून मोजायचं सोडून आठापासून पुढे जायचं ही छोटी उडी नाही. आठ म्हणजे आठच, ते पुन्हा मोजून बघायची गरज नाही, असा भरवसा मुलाला वाटावा लागतो. आणि बऱ्याचदा हे कुणी शिकवलेलंही नसतं. १९७७ साली ग्रोएन आणि रेझनिक या संशोधकांनी शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना 'दोन्ही ढीग एकत्र करून सगळं मोजा' एवढीच रीत शिकवली होती. सराव करता करता त्यातली काही मुलं आपसूक मोठ्या संख्येपासून पुढे मोजायला लागली. तुमची लेक त्याच वाटेवर आहे. आता ती मोठ्या संख्येपासून निघते का, एवढं तपासा. ३ + ९ घाला. तिनापासून सुरुवात करून नऊ बोटं उघडत बसली, तर 'मोठा आधी' हा एकच नियम सांगा. उलटसुलट घातलं तरी उत्तर तेच येतं, हे चार-पाच वेळा करून पाहिलं की तिला पटेल.

एकाचा घोळ काढायला सापशिडी बाहेर काढा. सोंगटी ८ वर आहे, फाशावर ५ पडले. मुलं काय करतात, बसलेल्या घरावरच टक करून 'एक' म्हणतात. तीच चूक, पण इथे ती डोळ्यांना दिसते, कारण सोंगटी हललेलीच नसते आणि एक मोजून झालेला असतो. समोर भिडू म्हणून आजी असतील तर त्या सोडणार नाहीत, लगेच ओरडतील. खेळताना नियम एवढाच ठेवा: 'एक, दोन, तीन' असं मोजायचं नाही, ज्या घरावर पाय पडेल त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. आठवर बसलो आहोत, आता नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रामानी यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका ओळीत १ ते १० आकडे असलेला पट खेळायला दिला होता. थोड्याच खेळानंतर त्या मुलांची आकड्यांची समज सुधारलेली दिसली. तसाच पट, पण आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला, खेळलेल्या मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. त्यामुळे आकडे तोंडाने म्हणायचा आळस करू देऊ नका. सापशिडी बिछान्यावर पसरली की सोंगट्या घरंगळतात आणि भांडणं होतात, जमिनीवरच मांडा.

आता बोटांकडे येते. बाईंचा हेतू चांगला असेल, पण बोटं बंद केल्याने मूल मनात करायला लागत नाही, ते बोटं लपवायला लागतं. तुमच्याकडे तेच झालंय. आणि लपवलेली बोटं आपल्याला दिसत नाहीत, म्हणजे चूक कुठे होतेय तेही कळत नाही. बोटं टेबलावर येऊ द्यात. ती आपोआप सुटतात, मात्र त्यापेक्षा जवळची वाट मुलाला सापडली की मगच.

आपल्या घरांतून एक वेगळी अडचण असते. आजी जप मोजतात तो पेरांवर, अंगठा सरकवत, एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. बाजाराचा हिशेबही कित्येक जणी तसाच करतात. मुलं बघून तेच उचलतात. मोजणी लक्षात ठेवायला पेरं उत्तम, पण बेरीज शिकायला अडचणीची, कारण पेरांत पाच आणि दहा दिसत नाहीत. अख्ख्या बोटांत दिसतात. एक हात पाच, दोन हात दहा. म्हणून लेकीला पेरांवरून बोटांवर आणा, आणि बोटं एकेक करून उघडण्याऐवजी एकदम दाखवायला शिकवा. 'दाखव सात!' म्हटलं की एक पूर्ण हात आणि दोन बोटं, झटक्यात, न मोजता. 'दाखव नऊ!' हा खेळ स्कूल व्हॅनची वाट बघतानाही होतो. चारेक दिवसांत हात सरावले की पुढचा प्रश्न टाका: 'सात दाखवलेस, मिटलेली किती?' तीन. नऊला एक, आठला दोन, सातला तीन, सहाला चार, पाचला पाच. या दहाच्या जोड्या. एवढ्या पाचच पाठ व्हायला हव्यात, आणि त्या पक्क्या हव्यात. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील इतक्या.

त्या पक्क्या झाल्या की ८ + ५ पुन्हा काढा, पण या वेळी वही नको. फरशीवर खडूने चौकट काढा, वर पाच घरं, खाली पाच घरं. दोन वाट्या घ्या, एकीत राजमा, दुसरीत काबुली चणे. आठ राजमे घरांत ठेवायला सांगा. वरची ओळ भरेल, खाली तीन बसतील, दोन घरं रिकामी राहतील. आता पाच चणे तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. बहुतेक मुलं स्वतःच दोन रिकाम्या घरांत दोन चणे टाकतात, कारण रिकामं घर त्यांना बघवत नाही. उरलेले तीन चणे हातात किंवा चौकटीबाहेर. विचारा, 'चौकटीत किती?' दहा. 'बाहेर?' तीन. तेरा. इथे बोटं लागली नाहीत, हे तिला सांगायची घाई करू नका. ९ + ४ मांडा, ७ + ५ मांडा, ८ + ६ मांडा. मग एके दिवशी राजमा-चणे तसेच वाट्यांत ठेवून, रिकामी चौकट दाखवून विचारा: 'समज, इथे आठ आहेत. आणखी पाच आले तर?' ती मान वर करून हवेत बघेल, ओठ हलतील. तेव्हा मध्ये बोलू नका. चौकट आता डोक्यात उतरते आहे, आणि त्याला तो वेळ लागतोच. त्यानंतर चौकटही पुसून टाका.

यात एके ठिकाणी गाडी अडते: दहा आणि तीन म्हणजे तेरा, हे तिला वेगळं शिकावं लागतं. आपल्या 'तेरा'त दहा ऐकू येत नाही. शाळेतलं 'थर्टीन'ही उलटं, तीन आधी. त्यात आपल्या इंदुरात मूल घरी तेरा ऐकतं, ठेल्यावर तेरह ऐकतं आणि शाळेत थर्टीन. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यांची थट्टा खूप झाली, पण मुलांची अडचण त्यांनी बरोबर पकडली होती. तुम्ही नावं बदलू नका, फक्त काही दिवस उत्तर दोनदा म्हणायची सवय लावा: 'दहा नि तीन, तेरा.' 'दहा नि सहा, सोळा.' शाळेचा अभ्यास करताना तेच इंग्रजीत.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या चुकीचं म्हणत नाहीत. पावकी-निमकी-दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, मुखोद्गत असलेल्या पिढीने बाजारात कधी मार खाल्ला नाही. शेवटी ८ + ५ विचारल्यावर १३ तोंडातून विचार न करता यायलाच हवेत. फक्त पाठांतर हे सगळ्यात शेवटी करायचं, आणि पाठ करायचं आहे ते लोकांना वाटतं त्यापेक्षा फार थोडं आहे.

हिशेब करूनच दाखवते. १ ते ९ मधल्या कुठल्याही दोन आकड्यांची बेरीज घ्या, तर ८१ बेरजा होतात. ३ + ८ आणि ८ + ३ एकच धरल्या की उरतात ४५. त्यांतल्या २० बेरजा दहाच्या आतच संपतात, त्यातल्या बऱ्याच तिला आत्ताही येत असणार. ५ बेरजा म्हणजे त्या दहाच्या जोड्या. दहाच्या पलीकडे जाणाऱ्या राहिल्या २०. या विसांत नऊ असलेल्या आठ आहेत. नऊला एक द्यायचा, समोरच्यातून एक कमी करायचा, झालं: ९ + ६ म्हणजे १० + ५. आठ असलेल्या आणखी सहा, त्यांत दोन द्यायचे. आता राहिल्या सहा: ६ + ५, ६ + ६, ७ + ४, ७ + ५, ७ + ६, ७ + ७. यांत ६ + ६ आणि ७ + ७ या दुपटी. दुपटी मुलांना का कोण जाणे फार लवकर पाठ होतात, यमक असल्यासारख्या. ६ + ५ म्हणजे पाचाच्या दुपटीत एक जास्त, ७ + ६ म्हणजे सहाच्या दुपटीत एक जास्त. अगदी शेवटी खरोखर उरल्या ७ + ४ आणि ७ + ५. त्या दोन तुम्ही फ्रिजवर चिकटवल्यात तरी चालेल.

हे सगळं एका आठवड्यात उरकायचं नाही. आधी दहाच्या जोड्या, त्या पक्क्या झाल्यावर नऊ, मग आठ, मधूनमधून दुपटी. रोज दहा मिनिटं पुष्कळ झाली, आणि तीही गृहपाठाला जोडून नको. चुलीशी भाजी होईपर्यंत, रिक्षात, आंघोळीआधी. दोन फासे टाकून बेरीज सांगायची, पत्त्यांच्या कॅटमधून चित्रं बाजूला काढून दोन-दोन पानं उलटायची आणि ज्याची बेरीज मोठी त्याने चारही पानं उचलायची. पत्त्यांचा हा डाव तिच्याबरोबर बाबांनी खेळावा. टायमरपेक्षा त्यांना तो जास्त आवडेल अशी माझी अटकळ आहे.

टायमरबद्दल मात्र स्पष्टच सांगते, तो बंद करा. घड्याळ लावलं की मूल नवी, अर्धी-कच्ची युक्ती वापरत नाही, त्याला खात्री असलेल्या जुन्या वाटेने पळतं. तिची जुनी वाट कोणती, तर बाकाखालची बोटं. आज मनात केलेली बेरीज उद्या ती पुन्हा बोटांवर करेल, परवा दुपटीवरून काढेल. सीगलर यांनी मुलांच्या बेरजांचा अभ्यास करून हेच दाखवलं, की मूल एक पद्धत टाकून दुसरी घेत नाही, कितीतरी दिवस तीन-चार पद्धती एकाच वेळी वापरतं आणि हळूहळू चांगल्या पद्धतीचा वाटा वाढत जातो. म्हणून बोटं दिसली की 'पुन्हा बोटं!' असं म्हणू नका. उत्तर बरोबर असो वा चूक, विचारा: 'कसं काढलंस गं?' सुरुवातीला ती घाबरेल, कारण मोठी माणसं हा प्रश्न फक्त चुकल्यावरच विचारतात. बरोबर उत्तरांनाही विचारत राहिलात की ती सांगायला लागेल, आणि कधीकधी तुम्हाला न सुचलेली युक्ती सांगेल. ७ + ८ साठी 'दोन्हींतले पाच-पाच काढले, दहा झाले, मग दोन आणि तीन' असं सांगणारी मुलं असतात. हे बोटांमधूनच आलेलं असतं, आणि अगदी पक्कं असतं.

अबॅकसचं म्हणाल तर आत्ता नको. त्या पाटीच्या प्रत्येक दांडीवर वरचा एक मणी पाचाचा आणि खालचे चार मणी एकेकाचे. तिथेही पाच आणि दहाच्या जोड्यांवरच सगळा खेळ चालतो. जोड्या समजलेलं मूल तिथे मजेत रमतं, न समजलेलं मूल मणी कुठला ढकलायचा ते मंत्रासारखं पाठ करतं. वर्षभराने तिला हौस वाटली तर घाला. तोवर त्या फीमधून थोडी चिल्लर आणा, हे मी खरंच सांगतेय. आता सराफ्यापासून कोपऱ्यावरच्या भाजीच्या ठेल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटलेत, पैसे मोजताना मुलांना कुणी दिसतच नाही. एका डब्यात एक, दोन, पाच आणि दहाची नाणी ठेवा. आठ रुपये म्हणजे पाच, दोन, एक. त्यात पाच घातले की पाच-पाच दहा, वर तीन. शनिवारी सकाळचे पोहे आणायला जाताना तिला डबा घेऊन सोबत न्या, पैसे तिला मोजून देऊ द्या. दुकानदार जरा थांबेल, इंदूरकर आहे.

शाळेत बाईंशी वाद घालू नका. 'आम्ही घरी दहाच्या जोड्या करून घेतोय, तोपर्यंत तिला बोटं वापरू द्याल का, साधारण वार्षिक परीक्षेपर्यंत?' असं विचारा. कालमर्यादा सांगितली की शाळेतल्या बाई ऐकतात, मी तीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्यांची बाजूही समजू शकते. उशीर झालाय ही भीती मनातून काढाच. केंद्र सरकारने २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यातही वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का व्हायची मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंतची आहे. तुमची लेक पहिलीत आहे. उभी मांडणी आणि 'हातचा एक' शाळेत येईल तेव्हा येईल. ज्याला ८ + ५ दहावरून जाऊन काढता येतं, त्याला २८ + ५ तीसवरून जाऊन तोंडी काढता येतं, आणि हातचा म्हणजे काय हे त्याला वेगळं समजवावं लागत नाही. वजाबाकीचं पत्रात विचारलं नाहीत म्हणून इथे लिहीत नाही. बेरीज बसू द्या, मग पुन्हा लिहा.

काळजीचं कारण कधी, तेही सांगून ठेवते. दुसरी संपत आली तरी ६ आणि ९ मधला मोठा कोणता हे पटकन सांगता येत नाही, समोरच्या तीन बिस्किटांनासुद्धा बोट लावून मोजावं लागतं, काल पक्की वाटलेली जोडी आज पूर्ण पुसलेली असते, असं सगळं एकत्र आणि सतत दिसलं तर मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

आणि धाकट्याला बेरजा नकोत. चार वर्षांचं मूल 'तीस'पर्यंत घडाघडा म्हणतं, पण 'पाच चमचे आण' म्हटलं की मूठभर घेऊन येतं. आकडे म्हणणं आणि मोजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या जुळायला त्याला वेळ द्या. पानं वाढताना माणसागणिक एक वाटी ठेवायला सांगा, जिना चढताना पायऱ्या मोजू द्या, वाटीतले शेंगदाणे दोघा भावंडांत सारखे वाटायला लावा. पाच चमचे मागितल्यावर पाचच आले, तर त्या वयाला भरपूर झालं. त्याच्यासाठी बेरजांचं वर्कबुक आणून ठेवलं असेल, तर ते दीड-दोन वर्षं कपाटातच असू द्या.